‘तुम्ही कोण?’ : एका अवघडलेपणाचा विचार

माणूस हा समाजशील प्राणी आहे, हे वाक्य समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला आपण सर्वजण वहीत उतरवून घेतो. परीक्षेत त्यावर गुणही मिळतात. परंतु ज्या प्राण्याला माणसांवाचून करमत नाही, त्यालाच माणसांसमोर उभे राहिले की अवघडल्यासारखे का होते, याचे उत्तर त्या वाक्यात सापडत नाही. ग्रंथालयाच्या खिडकीशी पुस्तकाचे नाव सांगताना, बँकेत पैसे काढण्याची स्लिप भरताना, बसमध्ये अनोळखी माणसाशेजारी बसताना, किंवा व्हरांड्यात समोरून प्राध्यापक येत असताना हा अनुभव येतो. घसा कोरडा पडतो, हात कुठे ठेवावेत ते कळत नाही, आणि स्वतःचा आवाज कुण्या दुसऱ्याचाच आहे असे वाटते. दोन-चार क्षणांत ते ओसरतेही. त्याबद्दल आपण कुणाशी बोलत नाही, आणि म्हणूनच हे फक्त आपल्यालाच होते अशी प्रत्येकाची समजूत असते.

हा विषय क्षुल्लक आहे, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. पुष्कळ मुलेमुली वर्गात उत्तर येत असूनही बोलत नाहीत, कचेरीत आपला हक्क असूनही मागत नाहीत, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हेच अवघडलेपण असते. म्हणून त्याची थोडी फोड करून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. आपल्या भाषेत या भावनेच्या छटांना वेगवेगळी नावे आहेत. लाज वाटते ती बहुधा एखाद्या कृतीची. संकोच म्हणजे आक्रसणे. संकोचलेला माणूस जणू आहे त्यापेक्षा कमी जागा व्यापतो. भीड पडते ती समोरच्याच्या मोठेपणाची, आणि ती पडली की ‘नाही’ म्हणवत नाही. म्हणून तर ‘भीड ही भिकेची बहीण’ असे जुनी माणसे सांगतात. बुजणे हा शब्द जनावराचा. रस्त्यात नवखे काही दिसले की बैल बुजतो. त्याला कुणी मारलेले नसते, तरी त्याचे पाय थबकतात. ओशाळणे हे प्रसंग घडून गेल्यावरचे. अवघडणे हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो, कारण तो शरीराचा आहे. एका जागी फार वेळ बसल्यावर पाय अवघडतो, तसे दुसऱ्याच्या नजरेसमोर मन एका जागी आखडून बसते. आणि या सर्वांच्या तळाशी परकेपणा आहे. तो कधी समोरच्याविषयी वाटतो, तर कधी स्वतःविषयीच.

स्वतःविषयी परकेपणा कसा वाटू शकेल? याचे एक उत्तर चार्ल्स हॉर्टन कूले या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली दिले. आपल्या अभ्यासक्रमात ते ‘आरशातील स्व’ या नावाने येते. कूले म्हणतो की आपल्याविषयीची आपली जाणीव तीन पायऱ्यांनी बनते. मी समोरच्याला कसा दिसत असेन, याची मी कल्पना करतो; त्या दिसण्यावरून तो माझ्याविषयी काय मत करीत असेल, याची कल्पना करतो; आणि त्या कल्पित मतावरून मला अभिमान तरी वाटतो किंवा खाली मान घालावीशी तरी वाटते. यातील ‘कल्पना’ हा शब्द महत्त्वाचा आहे. समोरच्याच्या मनात प्रत्यक्ष काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही. ग्रंथालयातील माणूस कदाचित घरच्या गॅसच्या टाकीचा विचार करीत असेल. परंतु आपण त्याच्या कपाळावरची आठी पाहून आपल्या उच्चारांचा निकाल लावून घेतो. म्हणजे आरसा समोरच्याच्या चेहऱ्याचा असला, तरी त्यात दिसणारे चित्र बरेचसे आपणच काढलेले असते.

कूलेच्या या विचाराला आणखी पुढे नेले ते अर्व्हिंग गॉफमन याने. १९२२ साली कॅनडात जन्मलेल्या या अभ्यासकाने स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरच्या एका लहान शेतकरी वस्तीत राहून पाहणी केली, आणि त्यावर आधारलेले ‘दैनंदिन जीवनातील स्वतःचे सादरीकरण’ या अर्थाचे त्याचे पुस्तक १९५६ साली निघाले. तो दैनंदिन जीवनाला रंगभूमीची उपमा देतो. माणसाला एक रंगमंच असतो आणि एक पडद्यामागची जागा. हॉटेलात काम करणारा माणूस स्वयंपाकघरात मोकळा बोलतो, हसतो, आणि जेवणघराचे दार ओलांडताच त्याचा चेहरा, चाल, आवाज सारे बदलते. गॉफमनच्या मते हा ढोंगीपणा नव्हे. समाजात वावरण्याची ती रीतच आहे. अवघडलेपण येते ते भूमिका नीट पाठ नसली म्हणजे.

ही उपमा वाचताना मला आपल्यासारख्यांची आठवण झाली. ज्याच्या घरी आजोबा शिकलेले, वडील शिकलेले, त्याने महाविद्यालयात कसे बोलावे, प्राध्यापकांच्या खोलीत शिरताना काय म्हणावे, फॉर्मवरचे रकाने कसे भरावेत, याची तालीम नकळत घरीच केलेली असते. ज्याच्या घरातून महाविद्यालयाची पायरी पहिल्यांदाच चढली जाते, तो तालमीशिवाय थेट रंगमंचावर येतो. त्याची बुद्धी कमी नसते. त्याला फक्त संहिता मिळालेली नसते. माझी गणना याच दुसऱ्या वर्गात होते, आणि या वर्गात आपल्याकडे पुष्कळजण आहेत.

संहितेतील पहिली अडचण भाषेची. आपल्या उमरखेडचे या बाबतीत एक वैशिष्ट्य आहे. तालुक्याच्या सीमेवरून पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. पलीकडचा नांदेड जिल्हा मात्र सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या सरकारी कामकाजाची व शिक्षणाची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही काठ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. सोयरिकी, बाजार, दवाखाना यांसाठी माणसे या काठावरून त्या काठावर सारखी जातच असतात. यवतमाळपेक्षा नांदेडच आपल्याला जवळचे. तरी कुणी दोन वाक्ये बोलले की ऐकणारा ओळखतो, हा अलीकडचा की पलीकडचा. त्यात तांड्यावरून येणाऱ्या मैत्रिणी घरी गोरमाटी बोलतात, बसमध्ये इकडची मराठी बोलतात, आणि वर्गात पुस्तकातली मराठी बोलण्याचा प्रयत्न करतात. एकाच सकाळी तीन भाषा! ‘मी वाचून राहिली’ हे वाक्य आमच्या घरात अगदी शुद्ध आहे. तेच वर्गात तोंडून निघाले की मागच्या बाकावरून हसू ऐकू येते. वास्तविक भाषाशास्त्राच्या दृष्टीने कोणतीही बोली अशुद्ध नसते, हे आपल्याला मराठीच्या तासालाच शिकवतात. परंतु हसणारा भाषाशास्त्र आठवून हसत नाही.

दुसरी अडचण नजरेची. अनोळखी माणसे समोरासमोर आली की काय होते, यासाठी गॉफमनने १९६३ साली एक सुंदर संज्ञा वापरली. तिला मराठीत ‘सभ्य दुर्लक्ष’ म्हणता येईल. शहरातील रस्त्यावर दोन अनोळखी माणसे एकमेकांकडे क्षणभर पाहतात, म्हणजे तू आहेस याची मी नोंद घेतली असे सांगतात, आणि लगेच नजर काढून घेतात, म्हणजे तुझ्या खासगी गोष्टीत मला शिरायचे नाही असेही सांगतात. त्याआधी १९०३ साली गेऑर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने महानगरातील माणसाच्या मनावर लिहिताना म्हटले होते की, शहरात इतक्या माणसांशी गाठ पडते की प्रत्येकाला मनाने प्रतिसाद देत बसले तर माणूस टिकणारच नाही. म्हणून तो अलिप्तपणाचे कवच घालतो. खेड्यातून गेलेल्याला ते कवच म्हणजे तुसडेपणा वाटतो.

आपल्याकडे उलट आहे. आपल्याकडे नजर काढून घेण्याची पद्धतच नाही. गावात सर्वजण सर्वांना ओळखतात, त्यामुळे पाहणे हे विचारपूस करण्यासारखेच असते. शंभर घरांच्या गावात हे प्रेमाचे लक्षण ठरेल. पण तालुक्याच्या बसस्थानकावर गर्दीत उभ्या असलेल्या मुलीकडे तीच न हटणारी नजर आली की तिचा अर्थ बदलतो. तिथे पाहणारा तिला ओळखत नसतो, आणि ती उलट पाहू शकत नाही. ती दप्तर छातीशी घट्ट धरते, मोबाईलमध्ये काहीतरी वाचत असल्याचे दाखवते. हे अवघडलेपण तिच्या स्वभावातून आलेले नाही, हे लक्षात घ्यावे.

तिसरी अडचण सर्वनामांची. मराठीत समोरच्या एकाच माणसाला ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ असे तीन प्रकारे संबोधता येते. रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन या दोघांनी १९६० साली युरोपातील भाषांमधील अशा सर्वनामांचा अभ्यास केला. त्यांच्या मते या सर्वनामांमागे दोन तत्त्वे असतात. एक सत्तेचे : वरचा खालच्याला ‘तू’ म्हणतो आणि खालचा वरच्याला ‘तुम्ही’. दुसरे आपलेपणाचे : दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणतात. आपल्या ‘तू’मध्ये ही दोन्ही टोके आहेत. आईला आपण ‘तू’ म्हणतो, देवाला ‘तू’ म्हणतो, आणि ज्याची किंमत करायची नाही त्यालाही ‘तू’च म्हणतो. शब्द एक, अर्थ परस्परविरुद्ध.

याचा एक अनुभव सांगते. एका कचेरीत शेतीच्या कागदासाठी बाबांबरोबर गेले होते. खिडकीपलीकडच्या माणसाने बाबांना म्हटले, “ए बाबा, तू बाजूला हो जरा.” आणि त्याच दमात माझ्याकडे वळून, “मॅडम, तुम्ही सांगा, काय पाहिजे?” मी एकोणीस वर्षांची, बाबा पन्नाशी ओलांडलेले. माझ्या हातात पेन होते आणि त्यांच्या अंगात शेतातलेच कपडे होते, एवढाच काय तो फरक. पण खरे सांगायचे तर मला अवघडवले ते त्या माणसाच्या शब्दांनी नव्हे. अर्ज लिहायचा म्हणून बाबा त्याला म्हणाले, “ह्या लिहून देतात, साहेब.” घरी मला ‘माय’ म्हणून हाक मारणारे बाबा, माझ्याविषयी परक्यासमोर ‘ह्या’ म्हणाले! त्यांनी ते अभिमानाने म्हटले, हे मला कळत होते. आपल्या लेकीला त्यांनी त्या शब्दाने खिडकीच्या पलीकडच्या माणसांत नेऊन बसवले. आणि त्याच शब्दाने ते स्वतः अलीकडे राहिले. त्या क्षणी आम्हा दोघांमध्ये जे अंतर पडले, त्याला कोणते नाव द्यावे ते मला अजून नीट कळलेले नाही.

झिमेलने १९०८ साली ‘परका’ या विषयावर एक छोटे प्रकरण लिहिले. त्याचा परका म्हणजे आज आला आणि उद्या गेला असा वाटसरू नव्हे. आज आला आणि उद्याही राहिला, तो खरा परका. तो आपल्यात असतो, पण आपल्यातला नसतो; एकाच वेळी जवळ आणि दूर असतो. झिमेल स्वतः ज्यू कुळातला होता, आणि एवढा विद्वान असूनही त्याला पूर्ण प्राध्यापकपद १९१४ साली, म्हणजे वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी मिळाले. त्यामुळे ही व्याख्या त्याला पुस्तकातून सुचली नसावी, असे माझे मत आहे. घरातून पहिल्यांदा शिकायला निघालेला मुलगाही असा परका होत जातो. महाविद्यालयात तो खेड्यातला आणि घरी तो ‘शिकलेला’. भालचंद्र नेमाडे यांच्या १९६३ सालच्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर खानदेशातल्या खेड्यातून पुण्याला शिकायला जातो, त्या कादंबरीला साठ वर्षे उलटून गेली तरी आपल्या पिढीला तो जवळचा वाटतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे.

आता सर्वांत जड अडचणीकडे येते. ती म्हणजे ‘तुम्ही कोण?’ हा प्रश्न. आपल्या भागात बसमध्ये शेजारी बसलेली म्हातारी विचारते, “कोन्या गावची वं माय तू? कोनाची पोरगी?” या प्रश्नात बहुतेक वेळा मायाच असते. उत्तर मिळाले की ती कुठल्या तरी आत्याची, मावशीची ओळख काढते आणि पिशवीतले शेंगदाणे पुढे करते. पण हाच प्रश्न शहरात खोली भाड्याने बघताना ‘आडनाव काय?’ असा होऊन येतो, आणि पहिले आडनाव ऐकून समाधान झाले नाही तर ‘म्हणजे कोणापैकी?’ असा दुसरा येतो. तेव्हा त्यात शेंगदाणे नसतात.

या प्रश्नानंतर समोरच्या चेहऱ्यावर काय घडते, याचे वर्णन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केले आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ च्या सुमाराचा प्रसंग आहे. भीमराव, त्यांचा भाऊ आणि भाचे ही मुले वडिलांना भेटण्यासाठी साताऱ्याहून आगगाडीने निघून मसूर स्टेशनवर उतरतात. अंगावर चांगले कपडे. न्यायला कुणी आलेले नसते. स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. कपड्यांवरून ती त्याला ब्राह्मणाची मुले वाटलेली असतात. तुम्ही कोण, असे तो विचारतो. मुले महार असल्याचे सांगतात, आणि त्याचा चेहरा एकदम पालटतो. पुढे बैलगाडी मिळेना. अखेर दुप्पट भाडे घेऊन, मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावे, या अटीवर गाडी ठरली.

कूलेचा सिद्धान्त इथे अपुरा पडतो, हे ध्यानात यावे. इथे आरशातील चित्र त्या मुलांनी कल्पनेने काढलेले नव्हते. चेहरा खरोखरच पालटला होता. गॉफमनने १९६३ सालच्या कलंकावरील पुस्तकात याला जुळणारा भेद केला आहे. काहींची ‘खूण’ उघड दिसते. त्यांना समोरच्याच्या वागण्याला तोंड द्यावे लागते. काहींची खूण दिसत नाही, पण केव्हाही कळू शकते. त्यांना सतत माहिती सांभाळावी लागते. काय सांगावे, कुणाला, किती, केव्हा. आडनाव ही आपल्या देशातील अशी खूण आहे. दया पवार यांच्या १९७८ सालच्या ‘बलुतं’ या आत्मकथनाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्यात शहरात प्रतिष्ठा मिळवलेला लेखक आणि त्याचेच मूळ नाव धारण करणारा दगडू मारुती पवार समोरासमोर येतात आणि दगडू आपली कहाणी सांगतो. स्वतःविषयीच्या परकेपणाचे मराठीत याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

२६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली त्यासाठी कायदा झाला आणि १९७६ साली त्याला ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम’ हे नाव मिळाले. पाणवठा, देऊळ, दुकान बंद करणाऱ्याला त्यामुळे शिक्षा होऊ शकते. पण आडनाव ऐकून क्षणभर पालटणाऱ्या चेहऱ्यावर कोणते कलम लावणार? त्याचा पंचनामा होत नाही. तो फक्त ज्याच्यासमोर पालटला त्यालाच दिसतो, आणि तो घरी जाऊन कुणाला सांगतही नाही.

तेव्हा सर्वच अवघडलेपण एका जातीचे नसते, असा माझा निष्कर्ष आहे. एक प्रकार सर्वांच्या वाट्याला येतो. नवी जागा, नवी माणसे, पाठ नसलेली भूमिका. तो सवयीने जातो, आणि समोरचाही आपल्याइतकाच बुजलेला असतो हे कळले की निम्मा होतो. (तो इतका वाढला की घराबाहेर पडणे, खाणे, बोलणेच थांबले, तर त्याला वैद्यकशास्त्रात आजार मानतात, १९८० पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत त्याची नोंद आहे, आणि त्यावर उपचारही आहेत. भारत सरकारची १४४१६ ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून अशा मदतीसाठी सुरू आहे. तिथे फोन करण्यात कमीपणा नाही.) दुसरा प्रकार मात्र एकाच बाजूला साचतो. विचारणारा मोकळा असतो आणि ज्याला विचारले तो अवघडतो.

हे दोन प्रकार ओळखायचे कसे? मला एक सोपी कसोटी सुचते : परतफेड होऊ शकते का, हे पाहावे. बसमधल्या म्हातारीला मी उलट विचारू शकते, “आणि आजी, तुम्ही कोन्या गावच्या?” ती आनंदाने सांगते. बाबा खिडकीपलीकडच्या माणसाला ‘तू’ म्हणू शकत नाहीत. बसस्थानकावरची मुलगी उलट टक लावून पाहू शकत नाही. खोली मागायला गेलेला मुलगा घरमालकाला ‘आपण कोणापैकी?’ असे विचारू शकत नाही. जो शब्द, जी नजर, जो प्रश्न उलट फिरवता येतो तो ओळखीचा; जो फिरवता येत नाही तो सत्तेचा. अशा वेळी अवघडणाऱ्याने ‘माझ्यातच काही कमी आहे’ असे समजण्याचे कारण नाही.

यात आपल्याला काय करता येईल? फार मोठे काही नव्हे. वर्गात हजेरी रोल नंबरने होते, याला आपण रूक्षपणा म्हणतो. पण एकशे सात क्रमांकाला कुणी ‘कोणापैकी’ म्हणून विचारत नाही, हा केवढा दिलासा आहे! पहिल्या वर्षाच्या मुलांची ओळख करून घेताना आडनावाऐवजी ‘काय वाचायला आवडते’, ‘कुठून येता’, ‘बस वेळेवर येते का’ असे विचारता येईल. दुसऱ्याच्या बोलीवर हसू आले तर ते आवरता येईल. आणि आपल्यापैकी जे उद्या शिक्षक होतील, तलाठी होतील, बँकेच्या नाहीतर दवाखान्याच्या खिडकीपलीकडे बसतील, त्यांना माझी विनंती एवढीच आहे. खिडकीशी धोतर नेसलेला किंवा मळके लुगडे नेसलेली व्यक्ती आली, की तिच्याबरोबरच्या शिकलेल्या लेकराला जे सर्वनाम वापराल, तेच तिलाही वापरावे. त्याला खर्च येत नाही, नियम बदलावा लागत नाही, वरिष्ठांची परवानगी लागत नाही. आणि बापलेकीला कचेरीतून घरी जाताना एकमेकांशी नेहमीसारखे बोलता येते.